घरगुती मिलिंग मशीनसाठी डिजिटल रीडआउट : परवडणाऱ्या पट्टीची निवड

स्वरूप
मिलिंग मशीनचे टेबल किती सरकले हे प्रत्यक्ष मोजून आकड्यांत दाखवणारी यंत्रणा म्हणजे डिजिटल रीडआउट, अर्थात डीआरओ. तिचे तीन भाग असतात : खुणा असलेली पट्टी, त्या वाचणारे रीडिंग हेड आणि मोजणी दाखवणारा डिस्प्ले. पट्टी आणि हेड यांपैकी एक सरकत्या भागावर, तर दुसरा स्थिर भागावर बसतो.

गरज
हँडलवरची डायल स्क्रूचे फिरणे मोजते, टेबलाचे सरकणे नाही. स्क्रू आणि नट यांच्या आट्यांत थोडी मोकळीक असते. तिला बॅकलॅश म्हणतात. ती ०.२ मि.मी. असेल, तर हँडल उलट फिरवताना डायल ०.२ मि.मी. सरकते आणि टेबल जागीच राहते. रीडआउटचा आकडा मात्र टेबल हलल्याशिवाय बदलत नाही.

कपॅसिटिव्ह पट्टी
डिजिटल व्हर्नियरमधील तंत्रच येथे वापरलेले असते. हेड आणि पट्टी यांवरील धातूच्या नक्षीमधील विद्युतधारिता स्थानानुसार बदलते आणि त्यावरून अंतर काढले जाते. लघुत्तम माप ०.०१ मि.मी. असते. ही सर्वांत स्वस्त असून हॅक्सॉने हव्या त्या लांबीची कापता येते. मात्र कूलंटचा पातळ थरही वाचन बिघडवतो. त्यामुळे कोरडे काम आणि क्विलची (कटर वर-खाली नेणाऱ्या नळीची) खोली मोजणे यांसाठी ती योग्य.

काचेची पट्टी
काचेवर साधारणपणे दर ०.०२ मि.मी. अंतरावर रेषा असतात. हेडमधील प्रकाश त्यांतून जाताना एकमेकांपासून ९० अंश सरकलेले दोन संकेत मिळतात. त्यांतून प्रत्येक रेषांतराचे चार भाग पडतात, म्हणजे ०.००५ मि.मी.चे लघुत्तम माप मिळते. दोन संकेतांपैकी पुढे कोणता, यावरून दिशाही कळते. पट्टी ॲल्युमिनियमच्या आवरणात असते आणि रबरी पट्ट्या चिप्स अडवतात. ती घरी कापता येत नाही. टेबलाच्या पूर्ण सरकण्यापेक्षा तिची मोजलांबी थोडी जास्त हवी. अन्यथा टोकाला हेड आदळून मोडते.

चुंबकीय पट्टी
हिच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव ठरावीक अंतराने आळीपाळीने मांडलेले असतात. तेल आणि कूलंट यांचा तिला फारसा त्रास नाही, ती कापता येते आणि अरुंद जागेत बसते. लोखंडी चिप्स चिकटू नयेत म्हणून वर स्टेनलेस स्टीलची पट्टी लावतात. डायल इंडिकेटरचा मॅग्नेटिक बेस तिच्यावर ठेवल्यास ध्रुवांची मांडणी बिघडते.

बसवणी
आकड्यातील शेवटचा अंक म्हणजे अचूकता नव्हे; ती बसवणीवरही अवलंबून असते. ३०० मि.मी. लांबीत पट्टी १ मि.मी. तिरकी असेल, तर मापातील चूक सुमारे ०.००२ मि.मी. असते, ३ मि.मी. तिरकी असेल, तर ०.०१५ मि.मी. काचेच्या पट्टीत तिरकेपणाचा ताण हेडवरही येतो, म्हणून समांतरता डायल इंडिकेटरने तपासावी लागते. हेड धरणारा ब्रॅकेट पातळ असेल, तर दिशा बदलताना तो आधी वाकतो आणि टाळलेला बॅकलॅश नव्या वाटेने परत येतो.

डिस्प्लेशी जुळणी
काचेच्या आणि चुंबकीय पट्ट्या बहुधा क्वाड्रेचर, म्हणजे ९० अंश सरकलेले दोन संकेत देतात. स्वस्त कपॅसिटिव्ह पट्ट्या वेगळ्या क्रमिक पद्धतीने माहिती पाठवतात. प्रकार मिसळायचे असतील, तर डिस्प्ले दोन्ही स्वीकारतो का, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक. दोन बिंदूंचा मध्य काढणे आणि वर्तुळावरील छिद्रांची स्थाने देणे या दोन सोयी घरगुती कामात सर्वाधिक उपयोगी पडतात.

मर्यादा
रीडआउट मोकळीक दाखवतो, दूर करत नाही. कटर जॉबला ओढू लागला तर टेबल त्या मोकळिकीत सरकतेच, म्हणून लॉक आवळणे भागच असते. एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार मोजपट्टी मोजल्या जाणाऱ्या रेषेतच हवी. मिलिंग मशीनमध्ये ती कटरपासून दूर असते, त्यामुळे झिजलेल्या मार्गांवर टेबल किंचित कलले तरी चूक वाढते. तापमानही परिणाम करते : ३०० मि.मी. पोलाद १० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे ०.०३५ मि.मी. वाढते.

निष्कर्ष
कोरडे आणि कमी खर्चाचे काम असेल तर कपॅसिटिव्ह, कूलंट आणि जागेची अडचण असेल तर चुंबकीय, पुरेशी जागा असेल तर ०.००५ मि.मी.ची काचेची पट्टी घ्यावी. बहुतेक घरगुती मशीनवर ०.००१ मि.मी.च्या पट्टीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे जाड, ताठ ब्रॅकेटवर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते.