कारखान्यातील दाबाची हवा

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली येथे जुनी गिरणी निघाली, तेव्हापासून वाफेची शक्ती या गावाच्या परिचयाची झाली. पुढे वीज आली आणि तिने घराघरांत यंत्रमाग चालविले. यांखेरीज तिसरी एक शक्ती आपल्या कारखान्यांतून वावरत असते, पण तिची चौकशी कोणी फारशी करीत नाही. ती म्हणजे दाबाची हवा. अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत जा. कोपऱ्यात एक टाकी, तिच्यावर धडधडणारे यंत्र आणि तेथून निघालेली नळी हे दृश्य ठिकठिकाणी दिसेल. मागावरची कापसाची पूड त्या हवेने उडवितात, गॅरेजात तिने चाके भरतात, रंगारी तिच्याच जोरावर रंग फवारतो. साध्या धोट्याच्या मागाला झाडझुडीपुरतीच हवा लागते. पण ज्या नव्या मागात धोट्याऐवजी हवेचा झोतच बाण्याचा धागा पलीकडे नेतो, तो एकटा माग मिनिटाला शेकडो लिटर हवा खातो. तेथे हवा हाच कच्चा माल होय.

ही शक्ती काही कालपरवाची नव्हे. आल्प्स पर्वतातील माँ सनीच्या बोगद्यात १८६१ सालापासून दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली गेली. लांब अरुंद भुयारात वाफेचे यंत्र नेले तर माणसे धुराने गुदमरावयाची. हवेने खडकही फोडला आणि कामगारांना श्वासही दिला. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली स्थापन झाली आणि ही यंत्रे मराठी मुलखातच तयार होऊ लागली.

कॉम्प्रेसर घ्यावयाचा म्हणजे दुकानात जाऊन 'किती हॉर्सपॉवरचा आहे?' असे विचारावयाचे, हा आपल्याकडचा रिवाज. आमच्या मते घोटाळा येथूनच सुरू होतो. हॉर्सपॉवर हा मोटारीचा गुण झाला. आपल्याला मोटार नको आहे, हवा हवी आहे. म्हणून विचारावयाचे ते असे, की इतक्या दाबाला मिनिटाला किती हवा प्रत्यक्ष बाहेर मिळेल? 'प्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे. दट्ट्या सिलिंडरमध्ये जेवढी जागा झाडतो तेवढी सगळी हवा टाकीत जात नाही, बरीच मागे राहते. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा झाडलेल्या जागेचा असतो. मिळणारी हवा त्याहून पाव हिश्शाने, कधी अधिकही, कमी भरते. बाजारात हा हिशेब सी.एफ.एम.मध्ये सांगतात. एक सी.एफ.एम. म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर.

एक लहानसे वर्कशॉप डोळ्यांसमोर आणू. तेथे हवेच्या दोन बंदुका आहेत. उघड्या असताना प्रत्येकीला मिनिटाला २०० लिटर लागतात. रंगाच्या बंदुकीला २५० आणि हातातल्या घासणीयंत्राला ४५०. बेरीज ११०० झाली, म्हणून लगेच मोठे यंत्र घेण्याचे कारण नाही. बंदुका दहा मिनिटांत एखादे मिनिट चालतात, रंगकाम निम्मा वेळ आणि घासणी तीन दशांश वेळ. म्हणजे सरासरी गरज ४०, १२५ आणि १३५ मिळून ३०० लिटरची. गळती आणि पुढची वाढ धरून ४०० समजा. आता दट्ट्याचे यंत्र सलग चालविण्यासाठी नसते; त्याने तीन मिनिटांत दोन मिनिटे चालावे व एक मिनिट निवावे, हे बरे. तेव्हा ६०० ते ७०० लिटर प्रत्यक्ष देणारे यंत्र पाहावे. साडेसात हॉर्सपॉवरच्या आसपास ते मिळते, आणि घासणी व रंग एकदम सुरू झाले तरी ते पुरते. जेथे दिवसभर अखंड हवा लागते, तेथे मात्र स्क्रूचे यंत्र घ्यावे. ते महाग खरे, पण सलग चालण्यासाठीच घडविलेले असते.

किमतीची घासाघीस आपण तासभर करतो. विजेच्या बिलाचा विचार कोणी करीत नाही. वरचे यंत्र दिवसाला सहा तास, वर्षाला ३०० दिवस भरात चालले, तर मोटारीतील नुकसान धरून ११ हजारांवर युनिटे जळतात. युनिटला १० रुपये धरले, तरी लाखाच्या वर रक्कम झाली. आणि या विजेतला फार तर सातवा-आठवा हिस्सा हत्याराच्या कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. यंत्राजवळ हात नेला की ती लागतेच. गरज सहा किलोची असताना 'असू द्या' म्हणून आठ किलोचा दाब लावून ठेवणे ही उधळपट्टी होय. दर किलोमागे वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते.

गळतीची गोष्ट तर विलक्षण आहे. सात किलो दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे भोक असले, तर त्यातून मिनिटाला सुमारे ६०० लिटर हवा जाते. आमच्या त्या वर्कशॉपचे सगळे यंत्र त्या एका भोकाची भर करण्यात गुंतावे! गळती मोजणे अगदी सोपे आहे. रात्री सर्व हत्यारे बंद करावीत, यंत्र चालू ठेवावे आणि घड्याळ घेऊन बसावे. यंत्र दोन मिनिटे चालून आठ मिनिटे थांबत असेल, तर दहांतली दोन, म्हणजे पाचवा हिस्सा हवा फटींतून जाते. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने यंत्र अपुरे पडते म्हणून दुसरे घेण्याची तयारी चालविली होती. आम्ही साबणाचे पाणी घेऊन त्याच्या नळ्यांवरून फिरलो, तो सांध्यासांध्यावर बुडबुडे. नळ्या, क्लिपा व दोन कॉक बदलून काम भागले, आणि दुसऱ्या यंत्राचे नाव निघाले नाही.

आपल्या गावापुरत्या दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर आहे. येथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. त्यात वैशाखात पत्र्याच्या शेडखाली यंत्र ठेवले, तर तापलेली हवा आणखी विरळ होते व तेवढ्याच विजेत माल कमी मिळतो. यंत्राचे नाक बाहेर, सावलीच्या बाजूस, पुडीपासून दूर काढावे. पाण्याची आपल्याकडची टंचाई पाहता लहान कारखान्याने हवेवर निवणारेच यंत्र घ्यावे, पण त्याच्या चोहोबाजूंनी वारा खेळेल इतकी जागा सोडावी. भिंतीला चिकटवून ठेवलेली यंत्रे आम्ही अनेक पाहिली आहेत.

पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही आत येते. वरच्या मापाचे यंत्र दमट दिवशी तासभर चालले तर अर्धा-पाऊण लिटर पाणी साठते. ते रंगात उतरले की रंगाला फोड येतात, आणि टाकीत राहिले की टाकी आतून गंजते. म्हणून टाकीचा खालचा कॉक रोज सोडावा. गंजलेली टाकी बाहेरून रंगविलेली व छान दिसते, हाच तिचा धोका. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३१ वे कलम अशा दाबाच्या साधनांसाठीच होते. जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल, तर आधी जाणकाराकडून पाण्याच्या दाबावर तिची परीक्षा करून घ्यावी, सुरक्षा झडप खरोखर उघडते की नाही हे पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.