पोहरादेवीची यात्रा आणि तांड्याचे वर्ष

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे एरवी एक लहानसे गाव. रामनवमीला मात्र तेथे पाय ठेवण्यास जागा उरत नाही. बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांच्या दर्शनासाठी महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र येथूनही तांडेच्या तांडे येतात.

दिवस उजाडतो तो नगाऱ्याच्या आवाजाने. भोग लागतो, पेटत्या अग्नीत तूप-गुळाचा नैवेद्य अर्पण होतो आणि ‘अरदास’ म्हटली जाते. दर्शन आटोपले की झाडांच्या सावलीत चुली पेटतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, वर्षभरातील जन्म-मृत्यूंची खबर दिली-घेतली जाते. आजीच्या अंगावर आरसे आणि कवड्या जडविलेली फेटिया-काचळी असते. नात पंजाबी पोशाखात असते. आजी गोरमाटीत विचारते आणि नात पुष्कळदा मराठीत उत्तर देते.

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा समाज एके काळी देशभर फिरत असे. रेल्वे आली आणि तो व्यापार बुडाला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. आज हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमातींत मोडतो. यात्रेत एका पंगतीला बसणारे सोयरे सरकारदरबारी तीन वेगवेगळ्या रकान्यांत विभागलेले आहेत!

या समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून थोडी अधिक राज्याचे मुख्यमंत्री होते. पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. समाजाचा वारसा जपला जातो, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु संग्रहालयात वस्तू टिकते. भाषा टिकते ती घरात आणि शाळेत. गोरमाटीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अद्याप स्थान नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपता संपता, चैत्राच्या आसपास परततात. आई-बापांबरोबर गेलेल्या मुलाचे अर्धे शालेय वर्ष उसाच्या फडात सरते. ज्यांची मुले मागे राहतात, त्यांना वसतिगृहाचा किंवा वृद्ध आजी-आजोबांचा आधार शोधावा लागतो.

सायंकाळी गाड्या भरतात आणि जो तो आपल्या वाटेला लागतो. आधी जाणा, मग पारखा आणि त्यानंतरच माना, अशी सेवालाल महाराजांची शिकवण सांगितली जाते. यात्रेच्या दिवशी व्यासपीठावरून दिलेली आश्वासनेही समाजाने याच कसोटीवर घासून पाहावीत. पुढल्या दसऱ्यानंतर तांड्यावरच्या शाळेत किती मुले हजर राहतात, यावरून त्यांची किंमत ठरेल.