‘दमा आहे, मग बीटा ब्लॉकर नको’ : हा नियम उकलून बघूया

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अॅटेनोलॉल ही नावं घरातल्या कोणाच्या तरी गोळ्यांच्या पाकिटावर तुम्ही वाचली असतील. हृदयविकार आणि ब्लड प्रेशरसाठीची ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं. दमेकऱ्याला ती द्यायची नाहीत, हे बी.फार्म.च्या मुलांनाही पाठ असतं. पण का, आणि कितपत?

आधी यंत्रणा बघू. अॅड्रेनॅलिन हृदयाचे ठोके वाढवतं ते मुख्यतः बीटा-१ रिसेप्टरमधून आणि श्वासनलिका सैल करतं ते बीटा-२ मधून. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलेलं प्रोप्रानोलॉल दोन्ही अडवतं. त्यामुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. वर साल्ब्युटामॉलचा पंपही कमी पडतो, कारण तो बीटा-२ वरच काम करतो. नंतरची मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ‘मुख्यतः’ बीटा-१ अडवतात. डोस वाढला की ही निवड सैल पडते.

आता आकडे. २०१४ साली मोरालेस आणि सहकाऱ्यांनी दमेकऱ्यांवरच्या चाचण्या एकत्र केल्या. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा निवडक बीटा ब्लॉकरने सरासरी ६.९ टक्के घटली. वाचून वाटतं, फार नाही. पण त्याच अभ्यासात आठांपैकी एकाची हवा २० टक्के किंवा जास्त घटली होती. सरासरीमागे हा आठवा माणूस लपतो. याआधी २००२ साली सालपीटर यांच्या गटाला सौम्य ते मध्यम आजारात, सलग काही दिवस निवडक औषध दिल्यावर लक्षणीय घट दिसली नव्हती. मात्र त्या चाचण्या जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या होत्या. हृदयाची गोळी वर्षानुवर्षं चालते.

दुसरी बाजूही बघा. १९९९ च्या सिबिस-२ चाचणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमधले मृत्यू बिसोप्रोलॉलमुळे १७.३ वरून ११.८ टक्क्यांवर आले. म्हणजे औषध नाकारण्यालाही किंमत आहे. पण या चाचणीत दम्यासारखा, औषधाने सुटणारा श्वासनलिकेचा अडथळा असलेले रुग्ण घेतलेच नव्हते! म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी ‘कोणाला वगळलं’ तो परिच्छेद वाचा.

आता आपल्या वर्ध्यात या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी खेड्यातून आलेला माणूस सांगतो, ‘मले दमा हाय’. तो खरंच अस्थमा असेल, बिडी-चुलीच्या धुरामुळे झालेला सीओपीडी असेल, जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस असेल, किंवा हार्ट फेल्युअरमुळे लागणारी धाप असेल. सीओपीडीत निवडक बीटा ब्लॉकर बहुतेकांना सोसतात. हार्ट फेल्युअरमध्ये तर ते उपचारच आहेत. एका शब्दावर विसंबून गोळी नाकारली तर नुकसान रुग्णाचं. उलट, काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांबद्दल कोणी विचारतच नाही, आणि तोही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून रक्तात जाऊन खऱ्या दमेकऱ्याला जिवावर बेतू शकतं.

म्हणून ‘सुरक्षित आहे का?’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. कोणतं औषध, किती डोस, किती काळ, आणि दमा स्पायरोमेट्रीने ठरवलेला की नुसता सांगितलेला, हे सगळं लिहिलं की प्रश्न तयार होतो. आणि हो, हे वाचून घरातल्या कोणाची गोळी परस्पर बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. डॉक्टरांना दम्याबद्दल सांगा आणि मगच ठरवा.