बोट लागू नये म्हणून

समुद्रतळाशी बुडी मारून प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी हल्ली आपल्या मालवण-तारकर्लीकडे पुष्कळ मंडळी जातात. त्यांतील काहींना मात्र पाण्याखालचे काहीच पाहता येत नाही. किनारा सुटला न सुटला तोच त्यांना बोट लागते.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या आरमाराचा सेनानी नेल्सन यालाही बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे 'बीगल' जहाजावर होता. त्याचीही या त्रासातून सुटका झाली नाही.

याचे मूळ पोटात नसून कानात आहे. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो; डोके हलले की तो हलतो आणि मेंदूला वर्दी देतो. आपण मान खाली घालून पिशवीत काही शोधत असलो, तर डोळे सांगतात, 'सारे स्थिर आहे'. कान सांगतो, 'सारे डोलते आहे'. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि दंड भरावा लागतो पोटाला!

उपाय यातूनच निघतात. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, मद्य टाळावे. सकाळी हलके खावे. उपाशीपोटी निघू नये आणि तळलेलेही खाऊ नये. बुडीचे साहित्य किनाऱ्यावरच जुळवून ठेवावे. बोटीच्या मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर बसावे. नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलकडे पाहू नये. नांगर टाकलेली बोट फार डोलते, म्हणून तेथे उगाच रेंगाळू नये. काही हात खाली गेल्यावर लाटांचे हेलकावे कमी होतात आणि बहुतेकांना बरे वाटते.

गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. परंतु यांपैकी बहुतेक गोळ्यांनी झोप येते आणि पाण्याखाली पेंगणे जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना बुडीची कल्पना देऊनच गोळी घ्यावी, आणि तिचा परिणाम आधी एखाद्या दिवशी घरी पाहून ठेवावा. आल्याचाही काहींना गुण येतो, आणि त्याने झोप येत नाही.

पाण्याखाली उलटी आलीच, तर श्वासयंत्र तोंडातून काढू नये. उलटी त्यातूनच बाहेर जाते. मग सोबतच्या मार्गदर्शकास खूण करून सावकाश वर यावे. घाबरून एकदम वर धावणे हे उलटीहून घातक होय.

एक शेवटची गोष्ट. 'पैसे भरले आहेत, आता मागे कसे फिरायचे?' असे म्हणून आजारी माणसाने पाण्यात उतरू नये. उलट्यांनी शरीरातील पाणी घटते, भान मंदावते. बरे वाटत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून बोटीवरच थांबावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. यात कमीपणा कसला? समुद्र उद्याही तेथेच असणार आहे.