दप्तराचे कपाट आणि यत्नाचार

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरील बाजाराचे गाव. अशा गावी व्यापाऱ्याच्या गॅरेजमध्ये मोटारीशेजारी जुन्या वह्या आणि बिलांच्या फायलींची खोकी हमखास रचलेली असतात. जीएसटी कायद्यानुसार हे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागते. भिंतीला टेकलेल्या खोक्यात वाळवी शिरली की दप्तर तर जातेच, शिवाय औषध फवारून असंख्य जीवांची हिंसाही पदरी येते. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे खरे. परंतु ही टाळण्याजोगी आहे. त्यासाठी कपाट घरीच आणि विचारपूर्वक बांधावे.

लोखंडी अँगलचा सांगाडा फरशीपासून अर्धा फूट उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर असावा. उघड्यावर वाळवी सुकते, म्हणून ती मातीचा बोगदा करीत चढते. कपाटाचे पाय मोकळे असले की तो लगेच दिसतो आणि सामान वेळीच हलवता येते.

फळ्या 18 मिलिमीटर प्लायवूडच्या. ओल असल्यास आयएस 710 हा शिक्का पाहूनच घ्यावे. (व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये!) 8 फुटांचा तक्ता सलग ठेवण्याचा मोह होतो. मात्र आधारांतील अंतर दुप्पट केले, तर तेवढ्याच वजनाने फळी आठपट वाकते. वह्या जड असतात. दर दोन फुटांवर आधार हवाच.

दारे बारीक जाळीची करावीत. उंदीर बाहेर राहतो, सापळा लागत नाही. कपाटाखालची जागा मऊ कुंचा फिरेल एवढी मोकळी ठेवावी आणि चातुर्मासात ती रोज झाडावी.