शीतवीर्याची सोडून दिलेली वाट

गाय माजावर येते ती जेमतेम बारा ते अठरा तासांसाठी. एवढ्या अवधीत कृत्रिम रेतन साधले नाही, अथवा साधूनही गाय उलटली, तर पुढच्या माजासाठी सुमारे एकवीस दिवस थांबावे लागते. वेत लांबते, भाकड काळ वाढतो. वैरणीचा खर्च मात्र थांबत नाही. वळूच्या वीर्यात कोणता द्रव मिसळावा, हा वरकरणी प्रयोगशाळेतील प्रश्न असा गोठ्याच्या अर्थकारणाशी येऊन भिडतो.

वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो मात्रा तयार होतात, त्या विरलक द्रवामुळे. 1940 च्या सुमारास अमेरिकेत यासाठी अंड्याचा बलक वापरला जाऊ लागला. वीर्य 5 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करताना शुक्राणूंच्या आवरणाला बसणारा धक्का बलकामुळे सौम्य होतो. भारतात 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी कृत्रिम रेतनाचा प्रारंभ केला. त्यानंतरची काही दशके बर्फात ठेवलेले पातळ वीर्यच केंद्रांवर जात असे. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरीनच्या साहाय्याने वीर्य गोठवण्याची युक्ती सापडली आणि पुढे द्रवरूप नत्रात उणे 196 अंशांवर साठवलेल्या वीर्याने ही जुनी पद्धत मागे सारली.

हे योग्यच झाले. गोठवलेले वीर्य वर्षानुवर्षे टिकते. शीतवीर्याची उपयुक्तता दोन-तीन दिवसांतच घटू लागते. परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. नत्राचा अखंड पुरवठा हवा, आणि गोठवताना बरेच शुक्राणू मरतात. म्हणूनच भारतात प्रत्येक गोठवलेल्या मात्रेत दोन कोटी शुक्राणू असावेत असा दंडक आहे. उलट न्यूझीलंडमध्ये ऐन हंगामात न गोठवलेले वीर्य वापरले जाते व तेथे सुमारे वीस लाख शुक्राणूंची मात्रा पुरते. एका उत्तम वळूपासून कितीतरी अधिक गायींना लाभ मिळतो, तो असा.

वनस्पतिजन्य विरलकांचे महत्त्व येथे आहे. एका अंड्याचा बलक दुसऱ्यासारखा नसतो आणि त्यातून जंतूंचा शिरकाव होण्याची भीती असते. सोयाबीनमधील लेसिथिन शुक्राणूंच्या आवरणाचे रक्षण करू शकते. त्यावर आधारलेले विरलक अनेक देशांत विकले जातात. नारळाच्या पाण्याचेही प्रयोग झाले आहेत. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आहे, कोकणात नारळ आहे. तथापि कच्चा माल स्वस्त म्हणून पद्धत स्वस्त ठरत नाही. शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण, क्षार व आम्लता यांचे नेमके प्रमाण यांना खर्च येतोच. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा शुक्राणू म्हणजे गाभण गाय नव्हे.

तेव्हा गोठवलेल्या वीर्याची हकालपट्टी करण्याचे कारण नाही. वळूकेंद्राच्या जवळ, जेथे गायी पुष्कळ आहेत व वीर्य दिवसभरात पोहोचू शकते, तेथे दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालवून पाहाव्यात आणि हिशेब गाभण राहिलेल्या गायींत मांडावा. मात्र प्रयोग फसला तर वाया गेलेल्या एकवीस दिवसांची भरपाई प्रयोग करणाऱ्या संस्थेने द्यावी. दोन गायींच्या धन्याने संशोधनाचा धोका आपल्या वैरणीतून का सोसावा?