बंद होणे, बंद करणे, बंद पाडणे : हायपरव्हायजरच्या संदर्भपुस्तिकेतील क्रियापदे

१

पारिभाषिक शब्दांची आपल्याकडील चर्चा बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालयाची स्थापना केली. तेव्हापासून शासनव्यवहाराच्या व निरनिराळ्या शास्त्रांच्या परिभाषेचे अनेक कोश मराठीत सिद्ध झाले. या कार्याचे महत्त्व कोणीही मान्य करील. तथापि हे कोश चाळणाऱ्याच्या सहज ध्यानी येते की, वस्तूचे, गुणाचे किंवा प्रक्रियेचे नाव काय, हाच प्रश्न त्यांत प्रामुख्याने हाताळलेला असतो. ती प्रक्रिया कोण करतो, कोणावर करतो आणि ती पार पडल्यावर मागे काय उरते, हे प्रश्न क्रियापदाच्या कक्षेतले होत. कोशाच्या चौकटीत ते सहसा मावत नाहीत.

प्रस्तुत लेखात एका अगदी व्यावहारिक लेखनप्रकाराच्या आधारे या उणिवेचा विचार करावयाचा आहे. तो लेखनप्रकार म्हणजे हायपरव्हायजर या संगणकप्रणालीची संदर्भपुस्तिका. हा विषय भाषाशास्त्राच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास अनुमती दिल्यानंतर निगडी येथील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१-२२ या वर्षापासून संगणक अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. तेथून काही कोसांवर चाकणचे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतील नोंदींचे संगणक आज बहुधा हायपरव्हायजरच्या आधारे चालतात. ते सांभाळणाऱ्या तरुणाचे शिक्षण मराठीत आणि त्याच्या हातातील पुस्तिका इंग्रजीत, अशी स्थिती असताना त्या पुस्तिकेतील शब्दांचा विचार आपण टाळू नये.

२

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊ. एकाच लोखंडी संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक नांदत असल्याचा व्यवहार निर्माण करणारी जी प्रणाली, तिला हायपरव्हायजर म्हणतात. आतील प्रत्येक संगणकास आपल्यापाशी स्वतःचा प्रक्रियक, स्वतःची स्मृती व स्वतःची डिस्क आहे असेच वाटते. वस्तुतः ही सारी साधने हायपरव्हायजरने वाटून दिलेली असतात. या आतील संगणकांना आभासी यंत्रे किंवा अतिथी म्हणतात, आणि बाहेरच्या खऱ्या संगणकास यजमान. ही कल्पना नवी नाही. आयबीएम या कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती प्रत्यक्षात आणली, आणि पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ साली तिच्या तात्त्विक अटी मांडल्या. साध्या संगणकांवर ती व्हीएमवेअरने १९९९ साली आणली. केंब्रिज विद्यापीठातून २००३ साली झेन ही प्रणाली बाहेर पडली, आणि २००७ साली केव्हीएम ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली.

नावाची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. संगणकाच्या मूळ नियंत्रक प्रणालीस पूर्वी सुपरव्हायजर, म्हणजे पर्यवेक्षक, म्हणत. अशा अनेक पर्यवेक्षकांवर देखरेख करणारा तो हायपरव्हायजर. लॅटिन ‘सुपर’, ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे तीन शब्द सगोत्र होत. तेव्हा ‘अधिपर्यवेक्षक’ असा प्रतिशब्द घडविणे मुळीच कठीण नाही. परंतु असा प्रतिशब्द घडविला म्हणजे विद्यार्थ्याची अडचण दूर झाली, असे मात्र नव्हे. त्याची खरी अडचण पुढेच आहे.

३

लिनक्सवरील हायपरव्हायजर चालविण्यासाठी लिबव्हर्ट नावाचा एक प्रचलित साधनसंच आहे, आणि त्याला आज्ञा देण्यासाठी व्हर्श नावाची आज्ञावली आहे. तिच्या संदर्भपुस्तिकेत आभासी यंत्र थांबविण्याच्या संदर्भात पुढील शब्द येतात : शटडाउन, डिस्ट्रॉय, सस्पेंड, सेव्ह, अनडिफाइन. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून पाहिल्यास ‘डिस्ट्रॉय’चा अर्थ ‘नष्ट करणे’ आणि ‘सस्पेंड’चा ‘स्थगित करणे’ किंवा ‘निलंबित करणे’ असा मिळेल. हे अर्थ चुकीचे नाहीत, पण या ठिकाणी ते घातक ठरतात.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक पदविकाधारक तरुण चाकणच्या एका कारखान्यात संगणकांची व्यवस्था पाहत असे. एका रात्रपाळीत उत्पादनाची नोंद ठेवणारे आभासी यंत्र गोठले. शटडाउनची आज्ञा देऊनही ते हलेना. पुस्तिकेत पुढचा उपाय ‘डिस्ट्रॉय’ असा होता. तो शब्द वाचून या तरुणाचा हात थांबला. सहा महिन्यांच्या नोंदी आपण आपल्या हाताने नष्ट करणार, अशी त्याची समजूत झाली, आणि वरिष्ठांचा दूरध्वनी लागेपर्यंत पाळी तशीच खोळंबून राहिली. वस्तुतः ही आज्ञा केवळ त्या यंत्राची वीज तोडण्यासारखी आहे. डिस्कवर जे लिहून झाले आहे ते तसेच राहते, आणि यंत्र पुन्हा सुरू करता येते.

याच तरुणाच्या हातून काही दिवसांनी उलट चूक घडली. या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा अनेक कारखान्यांचा सुटीचा वार. बुधवारी सायंकाळी त्याने एका यंत्राला ‘सस्पेंड’ची आज्ञा दिली. पूर्वी तो व्हीएमवेअरवर काम करीत असे, आणि तेथे याच शब्दाने यंत्राची चालू अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते. व्हर्शमध्ये मात्र तो शब्द यंत्राला जागच्या जागी थोपवून धरतो. त्याची अवस्था यजमानाच्या स्मृतीतच राहते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, राखीव विजेची मुदत संपली, आणि स्मृतीतील न लिहिलेले सारे काम गेले. पहिल्या प्रसंगी भयंकर शब्दाने निष्कारण भय घातले. दुसऱ्या प्रसंगी सौम्य शब्दाने निष्कारण विश्वास दिला.

‘डिस्ट्रॉय’ हा शब्द आला कोठून? लिबव्हर्टचा आरंभ २००५ साली झेनला जोडून झाला. झेनमध्ये आभासी यंत्रास ‘डोमेन’ म्हणत, आणि ते चालू असेपर्यंतच त्याचे अस्तित्व, अशी मूळ कल्पना होती. जे केवळ चालण्यातच अस्तित्वात असते ते थांबविणे म्हणजे त्याचा अंत करणेच. त्या तत्त्वज्ञानात शब्द बरोबर होता. पुढे बंद असतानाही ज्यांची व्याख्या नोंदलेली राहते अशी स्थायी यंत्रे आली, पण शब्द जुनाच राहिला. अर्थसंकोचाचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

४

आता या आज्ञांचा अर्थ नेमका कसा मांडावा? आभासी यंत्राच्या बाबतीत चार गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात : एक, त्याचे चालणे, दोन, स्मृतीतील चालू अवस्था, तीन, त्याची व्याख्या, म्हणजे किती प्रक्रियक, किती स्मृती, कोणती डिस्क यांची नोंद, आणि चार, खुद्द डिस्क. प्रत्येक आज्ञेने या चारांपैकी काय जाते व काय उरते, हे सांगितले की अर्थ सांगितला गेला.

‘शटडाउन’मध्ये हायपरव्हायजर अतिथीला थांबण्याची विनंती करतो, अतिथीने ती मानली तर तो आपले काम आवरून स्वतः थांबतो. ती मानली जाईलच, याची हमी पुस्तिका देत नाही. ‘डिस्ट्रॉय’मध्ये अतिथीला विचारले जात नाही, चालणे व स्मृती जातात, स्थायी यंत्राची व्याख्या उरते, डिस्क उरते. ‘सस्पेंड’मध्ये चालणे थांबते, पण बाकीचे तिन्ही उरते; मात्र यजमानाची वीज असेतो. ‘सेव्ह’मध्ये स्मृती एका फायलीत लिहिली जाऊन यंत्र थांबते, परंतु डिस्कची प्रत निघत नाही, म्हणून तिला सुरक्षित प्रत समजणे ही चूक होय. ‘अनडिफाइन’मध्ये व्याख्या जाते, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, यंत्र चालू असेल तर ते चालूच राहते. केवळ ते आता अस्थायी झालेले असते, आणि ज्या क्षणी थांबेल त्या क्षणी यादीतून नाहीसे होईल. डिस्क याही वेळी उरते. ती काढून टाकावयाची तर तसे निराळे सांगावे लागते.

येथे मराठीच्या क्रियापदांकडे वळू. ‘बंद’ या एका शब्दाला आपण निरनिराळी सहायक क्रियापदे जोडतो आणि कर्तृत्वाच्या छटा विनासायास वेगळ्या करतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली तेव्हापासून कारखान्यांच्या सहवासात वाढलेल्या या परिसरात हा भेद कोणाला शिकवावा लागत नाही. ‘लाइन बंद झाली’ म्हटले की काम आटोपले. ‘बंद पडली’ म्हटले की बिघाड झाला. ‘बंद केली’ म्हटले की कोणी रीतसर थांबविली. आणि ‘बंद पाडली’ म्हटले की चालविणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध कोणी जबरीने थांबविली. शटडाउन म्हणजे अतिथीस ‘बंद होण्यास सांगणे’ आणि डिस्ट्रॉय म्हणजे त्यास ‘बंद पाडणे’, असे लिहिले असते तर त्या रात्रपाळीतील तरुणाचा हात थांबता ना. जो भेद इंग्रजी पुस्तिकेला स्वतंत्र परिच्छेदाने स्पष्ट करावा लागतो, तो येथे एका क्रियापदाने साधतो. तसेच सस्पेंडसाठी ‘थोपवून धरणे’ व सेव्हसाठी ‘लिहून ठेवून थांबविणे’ ही संयुक्त क्रियापदे पुरेशी बोलकी आहेत. ‘धरणे’ या क्रियापदातच, धरणारा हात सुटला तर वस्तू पडेल, ही सूचना आहे.

काळाचाही प्रश्न असाच. यंत्राची स्मृती वाढविताना आज्ञेला ‘लाइव्ह’ किंवा ‘कॉन्फिग’ असे उपपद लावता येते. पहिल्याने बदल चालू यंत्रावर होतो. दुसऱ्याने तो व्याख्येत लिहिला जाऊन पुढच्या आरंभापासून लागू होतो. काहीच न लिहिल्यास काय घडेल, हे हायपरव्हायजरनुसार बदलते. ‘सध्यापुरते’ आणि ‘पुढील वेळेपासून’ ही दोन साधी क्रियाविशेषणे हा भेद निःसंदिग्ध करतात. येथे नवा शब्द घडविण्याची गरजच नाही.

याउलट आपल्या शासकीय गद्यातून तांत्रिक लेखनात शिरलेला ‘केले जाते’ हा कर्मणी प्रयोग येथे अपायकारक आहे. ‘यंत्र बंद केले जाते’ या वाक्यात ते यजमानाने बंद केले की अतिथीने आपणहून बंद केले, हे कळत नाही. आणि त्या रात्री नेमके तेच कळावयास हवे होते.

५

तर मग मूळ आज्ञांचे भाषांतर करावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. आज्ञा ही टंकावयाची खूण आहे. ती बदलली तर यंत्राला कळणार नाही, आणि विद्यार्थी इतरांच्या पुस्तिकांपासून तुटेल. अशा शब्दांकडे पाहण्याची रीत आपल्या परंपरेत फार पूर्वीच सिद्ध झालेली आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘वृद्धि’ म्हणजे वाढ नव्हे, तर आ, ऐ, औ हे तीन वर्ण. आणि ‘नदी’ म्हणजे ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा एक वर्ग. तेथे कोणताही विद्यार्थी पाणी शोधीत नाही, कारण शास्त्रात प्रवेश करतानाच संज्ञेचा अर्थ शास्त्रकाराने ठरविलेला असतो, लोकव्यवहाराने नव्हे, हे त्याला सांगितलेले असते. ‘डिस्ट्रॉय’ हीदेखील अशीच एक संज्ञा होय. शिवाय प्रत्येक प्रणाली हे स्वतंत्र शास्त्र असल्यामुळे व्हीएमवेअरची संज्ञा व्हर्शमध्ये त्याच अर्थाने चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून मराठी संदर्भपुस्तिकेची रचना अशी असावी : आज्ञा मूळ रूपात, तिच्याखाली कर्ता स्पष्ट असलेले एक मराठी वाक्य, त्याखाली ‘काय जाते, काय उरते’ याची चार बाबींची नोंद, आणि शेवटी ‘सध्यापुरते’ की ‘पुढील वेळेपासून’ याचा निर्देश. पदव्युत्तर वर्गाने संगणकाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून व्हर्शच्या वीस आज्ञांची अशी नोंद तयार केली तर ते एका सत्राचे उत्तम प्रात्यक्षिक होईल. त्यासाठी नवे शब्द घडविण्यापेक्षा आपल्या क्रियापदांच्या छटा काटेकोरपणे वापरण्याची सवय अधिक लागेल. त्या छटा कारखान्याच्या फाटकात रोज ऐकू येतात. पुस्तिकेच्या पानावर त्या अजून उतरावयाच्या आहेत.